स्पॅनिश शब्दांचे अवयव आणि आघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांतच जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. शब्दाचे तुकडे आडव्या रेघेने दाखवले असून ज्या तुकड्यावर जोर येतो त्याच्या आधी ˈ ही लहान उभी रेघ दिली आहे. मूळ लेखनात स्वरावर तिरपी रेघ, म्हणजे जोराचे चिन्ह, असेल तर ते शब्दांत सांगितले आहे. इकार आणि उकार सर्वत्र ह्रस्वच ठेवले आहेत, कारण स्पॅनिशमध्ये ह्रस्व-दीर्घ असा भेद नाही. व्यंजनाक्षरांची नावे आपल्या सवयीप्रमाणे इंग्रजी वर्णमालेतली घेतली आहेत. 'सी' आणि 'झेड' यांचा उच्चार लॅटिन अमेरिकेतल्याप्रमाणे 'स' असा दाखवला आहे.

अवयव म्हणजे काय? अक्षर आणि अवयव एकच नव्हे का?

नाही, आणि मराठी विद्यार्थ्याची निम्मी अडचण याच गैरसमजातून निर्माण होते. 'कमळ' हा शब्द आपण तीन अक्षरांत लिहितो, पण बोलताना 'क-मळ्' असे दोनच झोके घेतो. बोलताना एका झोक्यात उच्चारला जाणारा, ज्याच्या मध्यभागी स्वर असतो असा तुकडा म्हणजे अवयव. वर्गात त्याला बहुतेक जण 'सिलॅबल' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये त्याला 'सिलाबा' असे नाव आहे. मराठीत लिहिलेला 'अ' कुठे उच्चारायचा आणि कुठे गाळायचा हे आपल्याला सवयीने कळते. स्पॅनिशमध्ये लिहिलेला स्वर सहसा गाळला जात नाही. 'के', 'कि', 'गे', 'गि' यांच्या लेखनात मध्ये येणारा मूक 'उ' हा त्याला ठळक अपवाद आहे.

स्पॅनिश जसे लिहितात तसेच वाचतात, मग शब्द तोडायला शिकण्याची गरज काय?

जोर चुकला तर शब्दच बदलतो, म्हणून. 'ˈतेर्-मि-नो' म्हणजे मुदत किंवा संज्ञा, 'तेर्-ˈमि-नो' म्हणजे 'मी संपवतो', आणि 'तेर्-मि-ˈनो' म्हणजे 'त्याने किंवा तिने संपवले'. तिन्ही शब्दांतली अक्षरे तीच आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. लेखनात पहिल्या शब्दाच्या 'ए'वर चिन्ह असते, दुसऱ्यात ते कुठेच नसते आणि तिसऱ्यात शेवटच्या 'ओ'वर असते. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तर बोलणे फार तर परक्या वळणाचे वाटते, अर्थाला सहसा धक्का लागत नाही. त्यामुळे आपला कान या भेदाकडे लक्ष देण्यास सरावलेला नसतो.

आधी अवयव पाडावेत, मग जोर कुठे येतो ते पाहावे आणि चिन्हाचा विचार त्यानंतर करावा, हा क्रम मी कधीही मोडू देत नाही. चिन्हांचे नियम थेट पाठ करणारा विद्यार्थी आठवड्याभरात गोंधळतो. तेच नियम अवयव पाडता येणाऱ्याला वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

दोन स्वरांच्या मध्ये व्यंजने आली तर शब्द कुठे तोडावा?

एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते: 'ˈका-सा' (घर), 'आ-ˈमि-गो' (मित्र). दोन व्यंजने असतील तर साधारणपणे एक मागे राहते आणि एक पुढे जाते: 'ˈबान्-को', 'ˈपास्-ता'.

येथे देवनागरी आपली दिशाभूल करते, आणि त्याकडे मी प्रत्येक विद्यार्थ्याचे लक्ष मुद्दाम वेधतो. 'पास्ता' असे लिहिले की डोळ्याला 'पा' आणि 'स्ता' अशी दोन अक्षरे दिसतात, कारण आपली लिपी जोडाक्षरातली सगळी व्यंजने पुढच्या स्वराच्या गळ्यात बांधते. पहिल्या तासाला फळ्यावर हा शब्द देवनागरीत लिहून तोडायला सांगितला, तर बहुतेक हात 'पा' नंतरच रेघ मारतात. तोच शब्द टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायला सांगितला की तीच मुले 'पास्' वर पहिली टाळी देतात. म्हणून लिपीपेक्षा कानावर विश्वास ठेवावा.

शाळेत वृत्ते शिकताना आपण हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत शिकलेलो असतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल, तर मागचे ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचे. 'पुष्प' मधला 'पु' गुरू होतो, कारण 'ष्' मागे ओढला जाऊन 'पुष्-प' असा उच्चार होतो. 'तुझ्या' मधला 'तु' मात्र लघूच राहतो, कारण 'झ्या' अखंड पुढे जातो. स्पॅनिशमधल्या बहुतेक व्यंजनजोड्या 'पुष्प'सारख्या तुटतात आणि मोजक्या जोड्या 'तुझ्या'सारख्या अखंड राहतात.

अखंड राहणाऱ्या जोड्या कोणत्या?

त्या बारा आहेत. 'प', 'ब', 'क', 'ग' आणि 'फ' यांच्यापुढे 'ल' किंवा 'र' आला की दहा जोड्या होतात. त्यांत 'त्र' आणि 'द्र' मिळवावेत. म्हणून 'ˈपा-द्रे' (वडील), 'ˈलि-ब्रो' (पुस्तक), 'आ-ˈब्लार्' (बोलणे). 'पत्र' किंवा 'चक्र' म्हणताना आपण पहिले व्यंजन सवयीने मागे ओढतो. तसे 'पाद्-रे' म्हणणे स्पॅनिश कानाला खटकते.

'त' आणि 'ल' यांच्या जोडीबाबत स्पॅनिश भाषकांतच दोन प्रघात आहेत. खेळाडू या अर्थाचा शब्द स्पेनच्या बहुतेक भागांत 'आत्-ˈले-ता' असा तुटतो, तर मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात 'आ-ˈत्ले-ता' असा. मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेत ही जोडी शब्दाच्या आरंभीही येते, 'त्लास्काला' हे तिथल्या एका राज्याचे नाव त्यामुळेच तसे आहे. दोन्ही तऱ्हा शुद्ध मानल्या जातात.

तीन व्यंजने आली तर शेवटच्या दोघांची अखंड जोडी होते का ते पाहावे. होत असेल तर ती जोडी पुढे जाते: 'ˈओम्-ब्रे' (पुरुष), 'इन्-ˈग्लेस्' (इंग्रजी). होत नसेल तर दोन व्यंजने मागे राहतात: 'इन्स्-ˈतान्-ते' (क्षण). चार व्यंजने आली तर दोन मागे आणि दोन पुढे: 'कोन्स्-ˈत्रुइर्' (बांधणे).

एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. अधोरेखित करणे या अर्थाचे क्रियापद 'सुब्-र्रा-ˈयार्' असे तोडतात, कारण तिथे 'सुब्' हा उपसर्ग आहे आणि पुढचा 'र' स्वतंत्र शब्दाच्या आरंभी येतो तसा ठसठशीत उच्चारला जातो.

दोन अक्षरांनी लिहिलेले 'च', 'य' आणि ठसठशीत 'र्र' तोडता येतात का?

येत नाहीत, कारण अक्षरे दोन असली तरी ध्वनी एकच आहे: 'ˈनो-चे' (रात्र), 'ˈका-ये' (रस्ता), 'ˈपे-र्रो' (कुत्रा). 2010 मध्ये स्पॅनिश अकादमींनी 'च' आणि 'य' यांच्या अक्षरजोड्या वर्णमालेतून वगळून अक्षरांची संख्या 27 केली. त्याने शब्द तोडण्यात काहीच फरक पडलेला नाही.

दोन स्वर शेजारी आले तर ते एका अवयवात धरायचे की दोन?

संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

स्पॅनिशमध्ये पाच स्वर आहेत. 'आ', 'ए', 'ओ' हे सबळ आणि 'इ', 'उ' हे दुर्बळ मानले जातात. दोन सबळ स्वर शेजारी आले तर ते वेगळे राहतात, जसे 'ते-ˈआ-त्रो' (नाट्यगृह), 'पो-ˈए-ता' (कवी), 'ले-ˈएर्' (वाचणे). सबळ स्वराशेजारी जोर नसलेला दुर्बळ स्वर आला तर दोघे मिळून एकच अवयव होतो: 'ˈआइ-रे' (हवा), 'ˈब्वे-नो' (चांगला), 'ˈत्ये-र्रा' (जमीन). भिन्न दुर्बळ स्वर दोन आले तर तेही एकत्र राहतात: 'स्यु-ˈदाद्' (शहर), 'ˈर्रुइ-दो' (आवाज). या जोडस्वराला स्पॅनिशमध्ये 'दिप्तोंगो' म्हणतात.

जोर दुर्बळ स्वरावरच पडला, तर मात्र तो सबळ स्वरापासून सुटा होतो आणि त्याच्यावर चिन्ह लिहावेच लागते. 'ˈमा-र्यो' आणि 'मा-ˈरि-आ' ही नावे शेजारी ठेवून पाहावीत. मारिओ हे नाव देवनागरीत तीन अक्षरांचे दिसते, तरी स्पॅनिशमध्ये ते दोनच अवयवांचे आहे, कारण 'इ' दुर्बळ राहून 'ओ'मध्ये मिसळते. मारियामध्ये जोर 'इ'वर आहे, म्हणून ती वेगळी उभी राहते आणि तिच्या डोक्यावर तिरपी रेघ येते. 'ˈदि-आ' (दिवस), 'ˈर्रि-ओ' (नदी), 'पा-ˈइस्' (देश), 'बा-ˈउल्' (पेटारा) हे शब्द याच जातीचे आहेत.

दुर्बळ, सबळ, दुर्बळ असे तीन स्वर सलग आले आणि जोर मधल्या सबळावर असला, तर तिन्ही एका अवयवात मावतात. 'उ-रु-ˈग्वाइ' या देशनामाचा शेवट असाच होतो, आणि म्हणून तो शब्द तीनच अवयवांचा आहे.

मूक 'एच' मध्ये आला तरी हिशेब बदलत नाही. घुबडाला 'ˈबु-ओ' म्हणतात, लिहिताना दोन स्वरांच्या मध्ये 'एच' असतो, तरीही जोर असलेल्या 'उ'वर चिन्ह द्यावे लागते.

सरावासाठी मला वटवाघळाचा शब्द फार आवडतो, कारण त्यात पाचही स्वर एकेकदा येतात: 'मुर्-ˈस्ये-ला-गो'. पेन्सिलीने आधी स्वरांखाली टिंबे द्यावीत, पाच टिंबे पडतील. मग शेजारचे 'इ' आणि 'ए' तपासावेत. जोर 'ए'वर आहे, 'इ' दुर्बळ आहे, म्हणून दोघांना एका कमानीने जोडावे. उरले चार अवयव. आता व्यंजने वाटावीत. 'र' आणि 'सी' यांची अखंड जोडी होत नाही, म्हणून 'र' मागे राहतो. 'ल' आणि 'ग' एकेकटे आहेत, ते पुढे जातात. शब्द सुटला.

जोर कुठे द्यायचा हे न ऐकता, केवळ वाचून कळते का?

कळते, आणि हा स्पॅनिश लेखनपद्धतीचा मोठाच गुण आहे. शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर येतो. इतर कोणत्याही व्यंजनाने संपत असेल तर तो शेवटच्या अवयवावर येतो. जो शब्द या अपेक्षेप्रमाणे चालत नाही, त्याच्या जोर असलेल्या स्वरावर चिन्ह लिहितात.

नकाशा उघडला की नियम समोर उभा राहतो. 'ˈलि-मा', 'का-ˈरा-कास्' आणि 'को-ˈलोम्-ब्या' स्वराने किंवा 'एस'ने संपतात, जोर शेवटून दुसरा आहे, चिन्ह नाही. 'मा-ˈद्रिद्' आणि 'ए-क्वा-ˈदोर्' इतर व्यंजनांनी संपतात, जोर शेवटचा आहे, चिन्ह नाही. 'बो-गो-ˈता', 'पा-ना-ˈमा' आणि 'पे-ˈरु' स्वराने संपूनही जोर शेवटी घेतात, म्हणून शेवटच्या स्वरावर चिन्ह आहे. 'ˈका-दिस्' मूळ लेखनात 'झेड'ने संपतो, म्हणजे जोर शेवटी अपेक्षित होता. तो आधीच्या अवयवावर आहे, म्हणून 'आ'वर चिन्ह आले. 'ˈमे-खि-को', 'ˈमा-ला-गा' आणि 'ˈकोर्-दो-बा' यांत जोर शेवटून तिसरा आहे, आणि अशा शब्दांवर चिन्ह नेहमीच असते.

'एन' आणि 'एस' यांनाच स्वरांच्या पंक्तीत का बसवले आहे?

कारण ही दोन अक्षरे बहुतेक वेळा रूप चालवताना शेवटी लागतात आणि त्यांनी जोर हलत नाही. 'ˈका-सा' म्हणजे घर, 'ˈका-सास्' म्हणजे घरे. 'ˈका-न्ता' असे न तोडता 'ˈकान्-ता' असे तोडलेले क्रियापद म्हणजे 'तो गातो', आणि 'ˈकान्-तान्' म्हणजे 'ते गातात'. या दोन अक्षरांना वेगळे वागवले नसते, तर भाषेतल्या जवळजवळ प्रत्येक अनेकवचनावर चिन्ह द्यावे लागले असते. नियमामागची ही सोय कळली की तो विसरला जात नाही.

अनेकवचन केल्यावर चिन्ह कधी येते, कधी जाते, हे कसे?

जोर जागचा हलत नाही, पण शब्दाची लांबी वाढते, म्हणून. गाणे या अर्थाच्या 'कान्-ˈस्योन्' शब्दात शेवटच्या 'ओ'वर चिन्ह आहे. 'कान्-ˈस्यो-नेस्' झाल्यावर जोर शेवटून दुसरा ठरतो, तो अपेक्षितच असतो, म्हणून चिन्ह जाते. तरुण या अर्थाच्या 'ˈखो-बेन्' वर चिन्ह नाही, पण 'ˈखो-बे-नेस्' मध्ये जोर शेवटून तिसरा होतो, म्हणून येते. जोर खरोखर सरकतो असे शब्द फार थोडे आहेत. स्वभाव या अर्थाचा 'का-ˈराक्-तेर्' अनेकवचनात 'का-राक्-ˈते-रेस्' होतो.

आगुदा, याना, एस्द्रुखुला ही नावे पाठ करावी लागतात का?

परीक्षेसाठी करावीत. जोर शेवटच्या अवयवावर असेल तर शब्द 'आगुदा', शेवटून दुसऱ्यावर असेल तर 'याना' किंवा 'ग्रावे', तिसऱ्यावर असेल तर 'एस्द्रुखुला' आणि त्याहून मागे असेल तर 'सोब्रेस्द्रुखुला'. भाषेतले बहुसंख्य शब्द याना आहेत. शेवटचा प्रकार प्रामुख्याने क्रियापदाला सर्वनामे चिकटून तयार होतो, जसे 'ˈकोम्-प्रा-ते-लो' (ते स्वतःसाठी विकत घे).

एकाच अवयवाच्या शब्दांवरही कधी कधी चिन्ह का दिसते?

तिथे चिन्ह जोर दाखवण्यासाठी नसून सारखे दिसणारे शब्द वेगळे ठेवण्यासाठी असते. चिन्हासह 'तु' म्हणजे तू, चिन्हाविना 'तु' म्हणजे तुझा. चिन्हासह 'सि' म्हणजे होय, चिन्हाविना 'सि' म्हणजे जर. प्रश्नार्थक 'के' (काय), 'कोमो' (कसे), 'दोन्दे' (कुठे) यांनाही चिन्ह लागते.

जुन्या पुस्तकांत आणि नव्या पुस्तकांत काही शब्द वेगळे दिसतील. 1713 मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने इतर देशांतील अकादमींसह 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखननियमांत 'फक्त' या अर्थाच्या 'सोलो'वर चिन्ह नको, असे ठरवले. त्यावर लेखकांनी बराच विरोध केला, आणि 2023 मध्ये अकादमीने स्पष्ट केले की लिहिणाऱ्याला अर्थाचा घोटाळा होईल असे वाटत असेल तर चिन्ह देता येईल. विद्यार्थ्याने ते देऊ नये, असे माझे मत आहे. वाक्य नीट रचले तर घोटाळा होत नाही.

मोठ्या अक्षरांत लिहिताना चिन्ह गाळले तर चालते का?

चालत नाही. गाळण्याची सवय टंकलेखन यंत्रांच्या काळातली आहे, नियम तसा कधीच नव्हता. 'न्य' उच्चाराच्या अक्षरावरची नागमोडी रेघ आणि 'पिन्-ˈग्वि-नो' (पेंग्विन) मधल्या 'उ'वरची दोन टिंबे यांचा जोराशी संबंध नाही. ती टिंबे 'येथे उ मूक नाही' एवढेच सांगतात.

घरात पोर्तुगीज येत असेल तर त्याचा उपयोग होतो का?

गोव्यातल्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. शब्दसंग्रहासाठी उपयोग होतो, जोरासाठी मात्र सावध राहावे. आंतोनियो या नावात दोन्ही भाषांत जोर 'तो'वरच आहे, पण पोर्तुगालच्या रीतीने त्या 'ओ'वर चिन्ह लिहितात आणि स्पॅनिशमध्ये लिहीत नाहीत, कारण स्पॅनिशमध्ये शेवटचा 'न्यो' हा एकच अवयव मोजला जातो. मारियाचे नेमके उलटे आहे, तिथे चिन्ह स्पॅनिशमध्ये आहे आणि पोर्तुगीजमध्ये नाही. काही शब्दांत तर जोरच वेगळा पडतो. पोलिसांना पोर्तुगीज भाषक 'पो-ˈलि-स्या' म्हणतो आणि स्पॅनिश भाषक 'पो-लि-ˈसि-आ'. उलट लोकशाहीचा शब्द स्पॅनिशमध्ये 'दे-मो-ˈक्रा-स्या' आहे, तर पोर्तुगीजमध्ये जोर शेवटच्या 'सि'वर येतो. अशा शब्दांची वेगळी यादी वहीत ठेवावी.

मराठी भाषकांच्या कोणत्या सवयी आड येतात आणि कोणत्या कामी येतात?

'त', 'द', 'प', 'क' हे ध्वनी आपल्याकडे अगदी तयार आहेत, आणि इंग्रजी भाषकाला जे शुद्ध पाच स्वर कष्टाने कमवावे लागतात ते आपल्या तोंडी सहज येतात. जोर नसलेला स्वरही स्पष्टच उच्चारायचा असतो, ही गोष्ट आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही.

आड येते ती शब्दाच्या शेवटचा स्वर लांबवण्याची सवय. 'ˈआ-ब्लो' म्हणजे 'मी बोलतो', 'आ-ˈब्लो' म्हणजे 'तो बोलला'. शेवटचा 'ओ' आपण सवयीने ओढला की ऐकणाऱ्याला भूतकाळ ऐकू येतो. याला उपाय म्हणून जोराचा अवयव थोडा उंच स्वरात आणि ठळक म्हणावा आणि शेवट तोडल्यासारखा आखूड करावा. दोन्ही रूपे आलटून पालटून रोज मोठ्याने म्हटली, तर फरक स्वतःलाच जाणवू लागतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना हेच नियम लागतात का?

बहुतांशी हेच लागतात. फक्त एकटा स्वर ओळीच्या शेवटी किंवा आरंभी सोडत नाहीत, आणि शेजारचे दोन स्वर वेगळ्या अवयवांत असले तरी त्यांच्यामध्ये ओळ तोडत नाहीत. 'पोएता' हा शब्द उच्चारात तीन अवयवांचा असला तरी ओळीच्या शेवटी 'पोए-ता' असाच तुटतो.

पाडलेले अवयव प्रत्यक्ष बोलण्यात ऐकू का येत नाहीत?

कारण शब्द एकमेकांत मिसळतात. 'लोस् ओत्रोस्' (इतर लोक) बोलताना 'लो-ˈसो-त्रोस्' होते. 'मि आमिगो' (माझा मित्र) म्हणताना 'इ' आणि 'आ' एका झोक्यात येऊन 'म्या-ˈमि-गो' असे ऐकू येते. स्वरांच्या या मिलाफाला 'सिनालेफा' म्हणतात. आपल्याला संधी परिचित आहेत, पण हा मिलाफ लेखनात उतरत नाही.

स्पॅनिश कवितेची ओळ मोजताना सिनालेफा धरावीच लागते. शिवाय ओळीतला शेवटचा शब्द आगुदा असेल तर एकूण संख्येत एक मिळवतात आणि एस्द्रुखुला असेल तर एक वजा करतात. 'रोमान्से' या जुन्या कथागीतांच्या प्रकारातली ओळ आठ अवयवांची असते आणि सुनीतातली अकरा. वहीतल्या हिशेबात एखादी ओळ सात भरली, तर ती चुकली असे समजण्याआधी तिचा शेवटचा शब्द पाहावा. तो बहुधा आगुदा निघतो.